ऊन नाही, बातमी नाही : लेडीस्मिथच्या वेढ्यातली प्रकाशाची लिंक

६ जानेवारी १९००, शनिवार. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात टुगेला नदीच्या अलीकडे जनरल सर रेडव्हर्स बुलरची छावणी पडलेली. नदीपलीकडच्या डोंगरांमागे इंग्रजांचं लेडीस्मिथ गाव, बोअरांच्या (तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या) वेढ्यात, दोन महिने उलटून गेलेले. सकाळी नवाच्या सुमाराला तिकडच्या टेकडीवरून आरसा लुकलुकायला लागला. पहाटे पावणेतीनला गावालगतच्या सीझर्स कॅम्प टेकडीवर मोठा हल्ला झाला, सगळीकडे परतवला, पण लढाई चालूच आहे. अकरा वाजता दुसरा निरोप : हल्ला चालू, शत्रूला दक्षिणेकडून कुमक आली. पावणेएकला तिसरा : तूर्तास मागे रेटलंय, पण अजून चहूबाजूंनी आहेत, पुन्हा येतील असं वाटतं. सव्वातीनला चौथा आला तो अगदी त्रोटक : पुन्हा हल्ला, फार दाब आहे.

त्यानंतर ढग आले, आणि आरसा बंद.

दुसऱ्या दिवशी बुलरने लंडनला तार केली. तिचा आशय असा, की माझ्याकडे आणखी काहीही बातमी नाही आणि ऊनही नाही. छावणीत एक अफवा आहे की व्हाइटने, म्हणजे लेडीस्मिथमधल्या सेनापतीने, पाच वाजता शत्रूला हरवलं. नाताळमधला इंग्रजांचा सेनापती, हाताशी हजारो माणसं, शत्रूच्या पलीकडे थोड्याच अंतरावर आपलेच लोक, आणि तो अफवेवर बसलेला.

सैन्यासाठी लेसरवर चालणाऱ्या बिनतारी जाळ्यांची चर्चा हल्ली जोरात असते. या डोंगरावरून त्या डोंगरावर, जहाजावरून जहाजावर, विमानातून जमिनीवर. तिच्यात गिगाबिट मोजले जातात, वेग मोजला जातो, ‘कोणी चोरून ऐकू शकत नाही’ हे ठासून सांगितलं जातं. मला अशा वेळी लेडीस्मिथ आठवतं. प्रकाशाच्या एकाच दुव्यावर अख्खं सैन्य अवलंबून राहिलं तर काय काय होतं, याचं इतकं बारकाईने नोंदलेलं प्रकरण दुसरं मला ठाऊक नाही. ११८ दिवस, २ नोव्हेंबर १८९९ ते २८ फेब्रुवारी १९००. आरसा काढून लेसर ठेवला तर यातलं काय बदलतं आणि काय तसंच राहतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी ते यंत्र. हेलिओग्राफ म्हणजे तिपाईवर बसवलेला पाच इंची गोल आरसा. त्याला सैन्यात वापरता येईल असं रूप दिलं हेन्री मॅन्स या इंग्रज तार-अधिकाऱ्याने, १८६९ साली, कराचीत. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती आणि मॅन्स इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या तारमार्गाच्या खात्यात नोकरीला होता. तारेच्या खांबांचं आणि केबलचं दुखणं रोज पाहणाऱ्या माणसाला तार नसलेली तार सुचावी, हे मला फार स्वाभाविक वाटतं. वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांत आणि दुसऱ्या अफगाण युद्धात हे यंत्र तावूनसुलाखून निघालं. लेडीस्मिथच्या शिबंदीतला मोठा भाग हिंदुस्थानातूनच गेलेला होता. १८९९ च्या सप्टेंबरात मुंबई आणि कलकत्ता बंदरांतून गोऱ्या पलटणी नाताळकडे रवाना झाल्या होत्या. त्यांतले सिग्नलर सरहद्दीच्या डोंगरांवर हात बसलेले.

वापरायची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. आरशाच्या अगदी मध्यभागी पाऱ्याचा लेप नसलेला एक बारीक ठिपका असतो. त्यातून पाहून समोरच्या दांडीवरचा नेम पलीकडच्या ठाण्याशी जुळवायचा. मग सूर्य आरशात घ्यायचा. लेप नसलेल्या त्या ठिपक्याची छोटीशी काळी सावली समोरच्या दांडीवरच्या पट्टीवर पडते. सावली पट्टीच्या बरोब्बर मधोमध बसली, म्हणजे आपलं ऊन पलीकडच्या माणसाच्या डोळ्यात जातंय. मागची चावी दाबली की आरसा केसभर कलतो. दाबली की चमक, सोडली की अंधार. लांब दाब म्हणजे रेघ, आखूड दाब म्हणजे टिंब. मोर्स.

अडचण ही की सूर्य थांबत नाही. तासाला पंधरा अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश. आरशातून निघालेला झोत जेमतेम अर्ध्या अंशाचा, कारण सूर्याचं बिंबच आकाशात तेवढं दिसतं. मिनिटभर हात लावला नाही तर झोत पलीकडच्या ठाण्यावरून निसटलाच. म्हणून चावी चालवता चालवता दुसऱ्या हाताने, किंवा शेजारी बसलेल्या जोडीदाराने, स्क्रू फिरवत सावली पट्टीवर धरून ठेवायची. शिवाय एक जण दुर्बिणीला डोळा लावून पलीकडचं वाचणार आणि एक जण लिहून घेणार. वेग मिनिटाला दहाएक शब्द.

आजच्या लेसर टर्मिनलमध्ये हेच काम मोटर आणि हलता आरसा करतो, सेकंदाला शेकडो वेळा. गरजही तितकीच मोठी आहे. हेलिओग्राफचा झोत पंचवीस किलोमीटरवर साधारण २३० मीटर रुंद होतो. गावाच्या एका आळीएवढा. लेसरचा झोत एक मिलिरेडियनच्या (कोन मोजायच्या एका बारीक एककाच्या) दहाव्या हिश्शाएवढा ठेवला, तर तेवढ्याच अंतरावर तो अडीच मीटरचा राहतो. म्हणजे नेम चुकायची मुभा किती? दहा मीटरवर एक मिलिमीटर. खांब वाऱ्याने हलला, लोखंड उन्हाने तापून वाढलं, कोणी तिपाईला पाय लावला, की लिंक तुटली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षं मी पुण्यात इमारतींच्या गच्च्यांवर अशा लिंक बसवायच्या कामात होतो. एका ठिकाणी दोन इमारतींमध्ये अंतर होतं किलोमीटरपेक्षाही कमी. सकाळी अलाइनमेंट केली, सिग्नल झकास. अकरा वाजले की लिंक लंगडायला लागायची, पाचनंतर आपोआप सुधारायची. आम्ही दोन दिवस खांबाला शिव्या घातल्या, ब्रॅकेट बदलला, नटबोल्ट पुन्हा आवळले. तिसऱ्या दिवशी तिथल्या वॉचमनकाकांनी विचारलं, “साहेब, तुमची ती किरणं एसीच्या तोंडावरूनच जातात ना?” खरंच. गच्चीवरच्या एसी युनिटांची ओळ नेमकी झोताच्या खाली होती. ऑफिस भरलं की एसी सुरू, गरम हवा वर, आणि त्या थरथरत्या हवेतून जाताना झोत नाचायचा. तापलेल्या डांबरी रस्त्यावर लांबचं वाहन थरथरताना दिसतं, तेच. खांब दीड मीटर उचलला आणि लिंक शहाण्यासारखी चालू लागली. लेडीस्मिथच्या सिग्नलरांना दुपारच्या उन्हात हीच थरथर दुर्बिणीत दिसत असणार. फक्त मिनिटाला दहा शब्द वाचणारा डोळा ती सहज पचवतो, सेकंदाला अब्जभर टिंबं वाचणारा डायोड पचवू शकत नाही.

असो. वेढ्याकडे वळू.

वेढा पडला त्या दिवशी, २ नोव्हेंबरला, तार तुटली. पहिला महिनाभर गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध होता तो जासूद म्हणून डोंगरांतून निसटणाऱ्या आफ्रिकी निरोप्यांचा आणि सुरुवातीला काही कबुतरांचा. डिसेंबरच्या आरंभी वीनेन गावाजवळच्या डोंगरावरून पहिल्यांदा आरसा जुळला, आणि पुढे बुलरच्या छावणीशी थेट बोलणं सुरू झालं. मध्ये टुगेलाच्या काठचे डोंगर आणि त्यांवर बोअरांची फौज. ऊन त्यांच्या डोक्यावरून जात होतं. तार असती तर कापता आली असती, निरोप्या पकडता आला असता. उन्हाचं काय करणार? आज लेसरची जाहिरात करताना जे सांगतात ते इथे अक्षरशः खरं ठरलं. दुवा तोडायला शत्रूला सापडला नाही.

पण दुवा तोडता येत नाही म्हणजे त्यावर विश्वास ठेवता येतो, असं नाही. या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा दिवस माझ्या मते हा आहे.

१५ डिसेंबरला कोलेन्सोला बुलरचा सपशेल पराभव झाला. अकराशेच्या आसपास माणसं पडली किंवा हाती लागली, दहा तोफा गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने लेडीस्मिथमधल्या सर जॉर्ज व्हाइटला आरशावरून सांकेतिक लिपीत निरोप धाडला. भावार्थ असा : काल कोलेन्सोला प्रयत्न केला, जमलं नाही. शत्रू माझ्या बळाबाहेरचा आहे. रीतसर वेढ्याची तयारी करायला पूर्ण महिना लागेल. तेवढा काळ तग धराल का? नाहीतर मला बचावाची जागा धरायला किती दिवस देता? त्यानंतर जमेल तेवढा दारूगोळा उडवून टाका आणि मिळतील त्या चांगल्यात चांगल्या अटींवर बोलणी करा, असं मी सुचवतो. आणि मागाहून एक पुरवणी : काहीही झालं तरी संकेताची पुस्तकं आणि उलगडलेले निरोप जाळायला विसरू नका.

व्हाइटला पहिल्यांदा काय वाटलं? की हा निरोप बुलरचा नाहीच. संकेताचं पुस्तक बोअरांच्या हाती लागलंय आणि तेच हे चमकवतायत. बोअरांकडेही हेलिओग्राफ होते, वापरणारे हात होते. आरशातून येणाऱ्या उन्हावर कोणाची सही नसते. प्रकाश त्या डोंगराच्या दिशेने आला एवढंच कळतं. तिथे बसलेला माणूस कोण, हे कळत नाही. संकेत बरोबर उलगडला ही खात्रीची एकमेव खूण, आणि तीच संशयाचं कारण झाली : मजकूर इतका अविश्वसनीय होता की संकेतच फुटला असेल, हे मानणं जास्त सोपं गेलं. शेवटी निरोप खरा आहे हे पटल्यावर व्हाइटने कळवलं, की आम्ही टिकू. इथली बारा हजार माणसं गमावणं हा इंग्लंडवर मोठा आघात होईल, त्याचा विचारही नको.

लेसरवाल्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. ‘झोत अडीच मीटरचा आहे, मध्ये कोणी घुसू शकत नाही’ हे चोरून ऐकण्याबद्दलचं उत्तर झालं. पलीकडचं ठाणं रात्रीत शत्रूच्या हाती गेलं असेल, तर तोच अडीच मीटरचा झोत अगदी बिनचूक शत्रूशी बोलत राहील. ठाणी डोंगरमाथ्यांवर असतात, त्यांत दोन-चार माणसं असतात, आणि अशी ठाणी पडतात. तेव्हा ओळख पटवणं हे काम झोताच्या अरुंदपणावर सोडायचं नसतं. संकेताच्या किल्ल्या बदलत राहणं, पकडलं गेलेलं यंत्र जाळ्यातून बाहेर काढणं, आणि माणसाने माणसाला पारखणं, ही तिन्ही कामं वेगळी करावी लागतात. बुलरला ती पुरवणी पाठवावीशी वाटली, यात सगळं आलं.

आता महिनाभर पुढे, स्पिऑन कॉप. लेडीस्मिथची कोंडी फोडायचा बुलरचा दुसरा प्रयत्न. २३ जानेवारीच्या रात्री जनरल वुडगेटची माणसं अंधारात हा डोंगर चढली. पहाटे दाट धुकं. धुक्यात त्यांनी खंदक खणला, आपण माथ्यावर आहोत अशा समजुतीत. आठच्या पुढेमागे धुकं उठलं तेव्हा कळलं की खंदक चुकीच्या जागी आहे आणि तीन बाजूंच्या टेकड्यांवरून बोअरांना तो स्वच्छ दिसतोय. थोड्याच वेळात वुडगेट जबर जखमी होऊन पडला. कमान कर्नल क्रॉफ्टनकडे आली. त्याने खालच्या जनरल वॉरेनला द्यायचा निरोप सिग्नलवाल्यांना सांगितला, तोंडी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने सांगितलं ते असं : जनरल वुडगेट मारले गेले, तातडीने कुमक हवी. खाली पोचलं ते असं : ताबडतोब कुमक पाठवा, नाहीतर सगळं गेलं, जनरल मेले.

दोन वाक्यांत तसा अर्थाचा फार फरक नाही. सुराचा आहे, आणि खाली बसलेल्या माणसाने निर्णय घेतला तो सुरावर. क्रॉफ्टन गांगरलाय असं खालच्यांचं मत झालं. माउंट ॲलिस या टेकडीवरून दुर्बिणीतून पाहणाऱ्या बुलरने सुचवलं की थॉर्नीक्रॉफ्ट नावाच्या धडधाकट अधिकाऱ्याला वरची कमान द्या. तो निरोपही आरशानेच वर गेला. पण वर ज्या ज्या अधिकाऱ्याला स्वतःकडे कमान आहे असं वाटत होतं, त्या सगळ्यांपर्यंत तो पोचला नाही. दुपारभर माथ्यावर हुकूम कोणाचा चालतो हेच नक्की नव्हतं. आरशाचं ठाणं तोफगोळ्याने उडालं. रात्र झाली तर दिव्याने बोलायचं, पण दिव्यात तेल नव्हतं. गोष्टीच्या पुस्तकात कोणी लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, फारच सोयीचं जुळवलंय. पण खरंच तेल नव्हतं. तरुण विन्स्टन चर्चिल पायी वरखाली करत निरोप नेत होता. अंधारात थॉर्नीक्रॉफ्टने स्वतःच्या जबाबदारीवर माणसं खाली उतरवली. बोअरही रात्री डोंगर सोडून निघालेच होते. पहाटे त्यांना माथा मोकळा दिसला आणि ते परत आले. त्याच उतारांवरून जखमींना वाहून नेणाऱ्यांत गांधीजी आणि त्यांचं हिंदी डोलीपथक होतं.

या दिवसाकडे सिग्नलच्या डोळ्याने पाहिलं तर मला दोन गोष्टी दिसतात. एक, प्रकाशाने बोलायचं तर उंचावर जावं लागतं, उघड्यावर राहावं लागतं, आणि उंचावरचं उघडं ठाणं पहिल्यांदा शत्रूच्या तोफेला दिसतं. लेसर अदृश्य असला तरी ज्या खांबावर तो बसलाय तो खांब अदृश्य नसतो. माथ्याच्या किंचित मागे, पाठच्या उतारावर यंत्र ठेवून फक्त डोकं वर काढायचं, ठाणी दोन ठेवायची, हे सगळं तेव्हाच्या सिग्नलरांनाही ठाऊक होतं. घाईत ते राहून गेलं. दुसरी गोष्ट तेलाची. जाळ्याच्या आराखड्यात तेलाला चौकट नसते. आज तेलाच्या जागी बॅटरी आहे, आणि टर्मिनलची काच पुसायचं कापड आहे. धुळीने माखलेली काच हा माझ्या अनुभवात ‘लिंक गेली’ या तक्रारीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग होता.

आणि रेडिओ? तो याच युद्धात, याच महिन्यांत दक्षिण आफ्रिकेत उतरला होता. मार्कोनीच्या कंपनीचे सहा तंत्रज्ञ १८९९ च्या अखेरीस केपटाउनला आले. बोअर सरकारनेही जर्मनीतल्या सीमेन्सकडून संच मागवले होते. ते इंग्रजांनी बंदरातच जप्त केले. मार्कोनीच्या माणसांकडे उंच खांब नव्हते, म्हणून त्यांनी बांबू जोडून पाहिले, पतंग उडवून पाहिले, फुगे चढवून पाहिले. वारा असला की पतंग टिकेना, फुगा फाटे. वारा पडला की पतंगच खाली. शेवटी सैन्याने नाद सोडला आणि संच आरमाराकडे गेले. जहाजावर डोलकाठी आयती असते, तिथे ते चालले. त्या वेळी ढगाला न जुमानणारं तंत्र कच्चं होतं आणि पक्कं तंत्र ढगापुढे हतबल.

ढगावरचा एक तोडगा मात्र अफलातून निघाला. ‘टेरिबल’ या युद्धनौकेचा कप्तान पर्सी स्कॉट याने जहाजावरचा सर्चलाइट रेल्वेच्या डब्यावर चढवला, पुढे उघडझाप करणारी झडप बसवली आणि रात्री झोत ढगांवर टाकून मोर्समध्ये बोलायला सुरुवात केली. डोंगर मध्ये असले तरी ढग दोन्हीकडून दिसतो. दिवसा जो ढग दुवा तोडायचा, रात्री तोच पाटी झाला. फक्त हे बोलणं एकतर्फी : लेडीस्मिथकडे उलट बोलायला असा दिवा नव्हता. आणि ढगावर लिहिलेलं सगळ्यांनाच दिसतं, बोअरांनाही. सगळा भार पुन्हा संकेताच्या पुस्तकावर.

गावातल्या गावात प्रकाशाचा याहून साधा उपयोग चालू होता. उम्बुल्वाना डोंगरावर बोअरांची मोठी तोफ होती, ‘लाँग टॉम’. प्रभूसिंग नावाचा एक हिंदी गिरमिटिया मजूर उंचावर बसून त्या तोफेच्या तोंडाकडे पाहत राहायचा. तोफेचा जाळ दिसला की इशारा द्यायचा. जाळ आधी दिसतो, गोळा मागून येतो. मधल्या सेकंदांत लोक आडोशाला जायचे. स्वतः तो मात्र आडोशाला जाऊ शकत नव्हता. गांधीजींनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे, व्हाइटने त्याचं कौतुक केलं, आणि हिंदुस्थानातून, कर्झन यांच्या घरून, त्याला काश्मिरी झगा भेट आला. निरोप एका टिंबाचा. तो कधी चुकला नाही.

आज हे सगळं उकरून काढायचं कारण, सैन्यांना पुन्हा प्रकाशाकडे जावंसं वाटतंय. २०२२ पासून युक्रेनमध्ये सगळ्यांनी पाहिलं की रेडिओवर बोललं की जागा कळते, आणि जागा कळली की तोफ येते. रेडिओ जॅम होतो म्हणून ड्रोनच्या मागे किलोमीटरच्या किलोमीटर फायबर सोडायची वेळ आली. लेसरला दोन्ही दुखणी नाहीत : झोताबाहेर तो जवळपास ऐकूच येत नाही, आणि जॅम करायचं तर जॅमरला नेमकं त्या अरुंद दिशेत येऊन उभं राहावं लागतं. वेगाची तर तुलनाच नको. २०१३ मध्ये जर्मनीच्या डीएलआर संस्थेने ताशी ८०० किलोमीटरने उडणाऱ्या टोर्नेडो लढाऊ विमानातून ६० किलोमीटरवरच्या जमिनीवरच्या केंद्राला सेकंदाला सव्वा गिगाबिटने माहिती पाठवून दाखवली. बुलरचा तो शंभरेक शब्दांचा निरोप, ज्याला चावीवर निदान दहा मिनिटं गेली असतील, तो यात एका सेकंदात लाखाहून जास्त वेळा जाईल.

अडतं ते हवेत. दाट धुक्यात लेसर किलोमीटरमागे शंभर डेसिबल आणि त्याहूनही जास्त गमावतो. म्हणजे पाठवलेल्याचा एक हजार कोटीवा हिस्सा उरतो. त्यापुढे ताकद वाढवून काही होत नाही. पाऊस त्या मानाने सोसवतो, कारण थेंब मोठे आणि विरळ. धुक्याचे कण बारीक आणि अगणित. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ऑगस्टमध्ये उभा राहिलेला कोणीही हे यंत्राशिवाय सांगेल : पावसात समोरचा डोंगर पुसट दिसतो, ढग उतरला की पायाखालची वाट दिसत नाही. नेहमीचा उपाय म्हणजे जोडीला रेडिओ. ढग आला की आपोआप रेडिओवर जा. उपाय बरोबर आहे. पण त्याची किंमत क्वचितच कोणी मोठ्याने सांगतं : ढग आला की आपला वेग पडतो आणि त्याच क्षणी आपण शत्रूच्या दिशाशोधक यंत्राला दिसायला लागतो.

टक्केवारीवर माझा खरा राग आहे. २०२१ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीच्या तारा प्रकल्पाने काँगो नदीवर, ब्राझाव्हिल ते किन्शासा, ४.८ किलोमीटरची लेसर लिंक चालवली. वीस दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट आणि ९९.९ टक्के उपलब्धता. नागरी कामासाठी उत्तम आकडा. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वीस दिवसांत अर्ध्या तासाहून किंचित कमी. किन्शासात कोणाचा तरी व्हिडिओ अर्धा तास अडकला, संपलं. युद्धात तो अर्धा तास कधी यायचा हे निव्वळ योगायोगावर नसतं. नदी ओलांडायची तर पहाटेच्या धुक्यात, डोंगर चढायचा तर अंधारात, माघार घ्यायची तर पावसात. शत्रू हल्ल्याची वेळ निवडतो ती आपल्याला दिसू नये म्हणूनच. आपली दृष्टी जाते तेव्हाच लिंकही जाते, कारण दोन्ही प्रकाशावर चालतात. ९९.९ टक्के उपलब्ध असलेली लिंक ठीक हव्या त्या अर्ध्या तासाला शून्य टक्के असू शकते. म्हणून मला कोणी विचारलं तर मी वर्षाची सरासरी मागत नाही. त्या खोऱ्यात धुकं कोणत्या महिन्यात, किती वाजता उतरतं आणि किती वाजता उठतं, हे तिथल्या मेंढपाळाला विचारायला सांगतो. आणि त्या वेळेसाठी तार टाकता येते का ते पाहायला सांगतो. तार अजूनही वाईट नाही.

लेडीस्मिथलाही ऋतू पावसाळी होता. नाताळमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला. ६ जानेवारीला बोअर पहाटे पावणेतीनला आले, म्हणजे आरशाच्या दृष्टीने रात्री. ती बातमी बुलरला मिळाली नऊला. मग ऊन होतं तोवर चार निरोप. सव्वातीननंतर ढग, मग वादळ.

सीझर्स कॅम्पला लागून असलेल्या वॅगन हिलवर तेव्हा गारपावसात दोन्ही बाजूंची माणसं काही पावलांच्या अंतरावर दगडांआड पडून होती. पाचच्या पुढे कर्नल पार्कच्या हाताखालच्या डेव्हन पलटणीच्या तीन तुकड्यांना टेकडी साफ करायचा हुकूम झाला. संगिनी लावून ती माणसं मुसळधार पावसात उघड्या माथ्यावरून धावली आणि बोअर उतारावरून मागे हटले. हीच डेव्हन पलटण चार महिन्यांपूर्वी हिंदुस्थानात होती. नदीपलीकडे त्या क्षणी बुलरचे सिग्नलर तिपाईशेजारी बसून आभाळाकडे बघत होते. छावणीत पसरलेली अफवा, की पाचच्या सुमाराला व्हाइट जिंकला, जवळजवळ खरी होती. ती कुठून आली, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आरशातून नक्कीच नाही.